अध्यक्षबाईंचं मत

नगरपालिकेच्या अध्यक्षबाई मुळात शिंपीण. सभेला येतानाही टेप गळ्यात तशीच राहायची. कुणी हसलं तर म्हणायच्या, "असू दे, कोण किती पाण्यात आहे ते मोजायला बरी पडते." गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही, आणि लोकांनी निवडून दिलं तेही त्यासाठी नाहीच.

गावाबाहेरच्या माळावर एका कंपनीला विजेसाठी पवनचक्क्या उभारायच्या होत्या. राजधानीतल्या साहेबांनी कितीही होकार भरला तरी जमीन वापरायची परवानगी पालिकेच्या सभेतच मिळणार होती. बाईंना पवनचक्क्या मनापासून हव्या होत्या. दारोदार फिरून, डोकं खाऊन त्यांनी निम्मे सभासद वळवलेही होते. मतं सारखी पडली तर अध्यक्षांचं जादा मत होतंच.

सभेच्या आदल्या संध्याकाळी धाकटा भाऊ दुकानात आला. "ताई, रस्त्यासाठी कंपनीनं माझाच तुकडा धरलाय. अजून नुसतं तोंडी आहे हं."

तो तुकडा म्हणजे निव्वळ दगड, कुसळसुद्धा उगवायचं नाही. भावाला इतक्या वर्षांनी हसताना बघून बाईंना भरून आलं. पण पालिकेचा नियम होता: ज्याचं जवळचं माणूस प्रकरणात गुंतलंय त्यानं मत द्यायचं नाही, खोलीतही थांबायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. बाई गप्प राहिल्या असत्या तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. विषय निघाला तशा त्या उठल्या. "माझ्या भावाची जमीन आहे यात," एवढंच म्हणाल्या, उपाध्यक्षांना खुर्ची दिली आणि बाहेर आल्या.

बाहेरच्या बाकावर भाऊ निकालाची वाट बघत बसला होता.

"ताई, तू बाहेर कशी?"

"तू माझा भाऊ ना, म्हणून."

नियम त्याला समजावून सांगावा लागला. ऐकून तो नुसता मान हलवत राहिला. दोघं शेजारी बसले. मग दार उघडून कारकून डोकावला.

"मतं सारखी पडली, बाई. उपाध्यक्षांना जादा मत नाही. ठराव फेटाळला."

भाऊ फरशीकडे बघत म्हणाला, "एक दिवस माझी बहीण नसतीस तर चाललं नसतं का गं?"

बाईंचे डोळे भरले. "त्या नोकरीत सुट्टी मिळत नाही रे."