माझ्याच हाती अडणारी मोटार

"बाईचा हात लागला की गाडी अडते." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्याच अंगणात, माझ्याच नवऱ्याच्या तोंडून, आणि तेही मिस्त्रीकडे बघून हसत हसत म्हटलेलं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

साठ साल नुकतंच मागे पडलं होतं. मी लग्न होऊन दिग्रसला आलेली डॉक्टर. नवरा वकील. गाव त्यांना वकीलसाहेब म्हणे. रागात असले की मीही तसंच म्हणते, म्हणून इथेही तेच म्हणणार आहे. वकीलसाहेबांनी एका जिनवाल्या शेठची जुनी विलायती मोटार घेतली. घेतली रुबाबासाठी. घर ते कोर्ट, कोर्ट ते घर, एवढाच तिचा प्रवास. गावाबाहेर समोरून कापसाने भरलेली बैलगाडी आली तरी त्यांच्या कपाळाला घाम फुटायचा. चालवायला खरी शिकले ती मी, कारण मला गरज होती.

दिग्रसपासून बऱ्याच लांब असलेल्या आर्णीला तेव्हा बाई-डॉक्टर नव्हती. मी तिथे बाजाराच्या मागे एक खोली घेतली, औषधांचं कपाट ठेवलं आणि मंगळवारी, शुक्रवारी जाऊ लागले. आसपासच्या तांड्यांवरच्या बंजारा बायका यायच्या. पुरुष डॉक्टरपुढे ज्यांनी मेलं तरी दुखणं सांगितलं नसतं, त्या माझ्यापुढे घडाघडा बोलायच्या. ती खोली म्हणजे माझ्या सगळ्या शिक्षणाचा उपयोग होता. घरची अट एकच होती: एकटी बाई रस्त्यात अडकून पडली असं होता कामा नये. तसं वारंवार झालं तर आर्णी बंद.

पोळ्यापर्यंत गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. पोळा होऊन आठवडाही गेला नसेल, तेव्हा ती पहिल्यांदा अडली. आर्णीचा अर्ध्याहून जास्त रस्ता कापला होता. तिने गचके दिले, खोकली आणि गप्प झाली. सेल्फ मारला, इंजिन नुसतं घरघरलं. खाली उतरून हँडल मारलं, खांदा निखळायची वेळ आली, तरी ढिम्म. शेवटी कंटाळून बाभळीच्या सावलीत बसले. बऱ्याच वेळाने, चला, उगाच एकदा बघू म्हणून सेल्फ मारला, तर पहिल्याच फटक्यात चालू! काहीच झालं नव्हतं अशा थाटात.

घरी आल्यावर मिस्त्री बोलावला. अंगणात त्याने सेल्फ मारला, गाडी लगेच सुरू. बाजारातून एक चक्कर मारून आला आणि वकीलसाहेबांना म्हणाला, "साहेब, गाडी एकदम चोख हाय. बाईसाहेब चोक जादा खेचत असतीन, इंजिनाचे पलग ओले होतात मंग."

मी तिथे उभी होते. हाताच्या अंतरावर. चोक मी खेचला होता की नाही, हे मला विचारायला काय हरकत होती? पण नाही, दोघे एकमेकांशी बोलत राहिले आणि माझ्याविषयीचा निकाल माझ्यासमोर माझ्याशिवाय लागला. तेव्हाच ते वाक्य आलं. मिस्त्रीही हसला. हसणारच, गिऱ्हाईक हसतंय म्हटल्यावर.

दुसऱ्या वेळी अडली तेव्हा त्याने पॉइंट घासले, कॉइल बदलली, इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळलं आणि पुन्हा तोच निष्कर्ष काढला. वकीलसाहेब रोज कोर्टात जायचे, यायचे, गाडी एकदाही अडायची नाही. "माझ्या हाती कशी चालते मग?" ते विचारायचे. "नाचता येईना अंगण वाकडं." बार रूममध्येही ही गंमत त्यांनी सांगितली असणार, कारण दोन वकिलांच्या बायकांनी मला हळदीकुंकवाला विचारलं, "काहून वो, गाडी तुमचंच ऐकत नाही म्हणे?" मी प्रसाद तोंडात टाकला आणि उत्तर गिळलं.

घरात एकच माणूस मला टोचून बोलला नाही. सासरे. मी त्यांना मामाजी म्हणायची. जन्मभर नांगर धरलेला माणूस, अक्षरओळख बेताची. मुलाने मोटार आणली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारून बघितली आणि म्हणाले, "जनावर बरं हाय." त्यांच्या लेखी ती बैलच होती, फक्त पेट्रोल पिणारी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून त्यांचे खांदे सोलवटलेले असतात, म्हणून कोमट तूप-हळद पळसाच्या पानाने खांद्यावर चोळायची आणि बैलाला आमंत्रण द्यायचं. त्या वर्षी मामाजींनी बैलांचं झाल्यावर तीच वाटी घेऊन मोटारीच्या मागच्या दोन्ही मडगार्डांना तूप-हळद चोळली आणि म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." सगळे पोट धरून हसलो. मीही हसले.

तिसऱ्या वेळेची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. त्या दिवशी एका तांड्यावरची बाई येणार होती. तिचे दिवस भरत आले होते आणि पायांवर सूज होती. मी तिला मुद्दाम शुक्रवारी बोलावलं होतं. गाडी रस्त्यात अडली. तिकडून जाणारा एक गाडीवान थांबला आणि म्हणाला, "बाई, पेट्रोल तं हाय ना?" काटा बिघडलेला असल्यामुळे पेट्रोल काडीने मोजावं लागे. मी मागच्या डाव्या मडगार्डावरचं टाकीचं झाकण फिरवलं, काडी बुडवली, पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावून सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. पण तोवर फार उशीर झाला होता. आर्णीला पोचले तेव्हा खोलीपुढे कोणी नव्हतं. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, ती दुपारपर्यंत ओट्यावर बसली होती, मग तिच्या माणसांनी तिला बैलगाडीत घालून परत नेलं. तिचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. ती परत आली नाही एवढंच मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी वकीलसाहेबांनी निकाल दिला. "आर्णी बंद. मंगळवारी शेवटची फेरी कर, कपाट घेऊन ये. अन् मिस्त्रीले सोबत ने, म्हंजे रस्त्यात तमाशा नाही होनार." मी जेवले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मला झाली होती, आणि चोर कोण ते कोणाला शोधायचंही नव्हतं.

मग मी ठरवलं, हे आपणच शोधायचं. रोगी आला की मी विचारते, कधी दुखतं, कशाने वाढतं, कशाने उतरतं. या गाडीला ते कोणी विचारलं होतं? सगळ्यांनी फक्त चालवणारीला तपासलं होतं. सकाळी थंड असताना दुखत नाही. गावात, थोड्या अंतरावर दुखत नाही, म्हणून वकीलसाहेबांच्या हाती अडत नाही. त्यात त्यांच्या हाताचं काडीचं कर्तृत्व नाही. लांब गेल्यावरच दुखतं. स्वस्थ ठेवली की हळूहळू उतरतं. आणि एकदाच, एका झटक्यात उतरलं, ते कशाने? मी पेट्रोलचं झाकण उघडलं होतं. झाकण फिरवताना आतून सूं असा आवाज आला होता, हे मला अंथरुणावर पडल्यापडल्या आठवलं, आणि मी उठून बसले. सलाईनच्या बाटलीला हवेची सुई टोचली नाही की असंच होतं. बाटली भरलेली असते आणि थेंब थांबतात, कारण आत हवा जायला वाट नसते.

मंगळवारी मिस्त्री शेजारी बसला. वाटभर तो मला गियर कसा टाकायचा ते सांगत होता. मी दात आवळून चालवत होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच गाडी अडावी म्हणून देवाची करुणा भाकत होते. अडली. अगदी ठरल्यासारखी, गचके देऊन, खोकून. मिस्त्री पाना घेऊन खाली उडी मारणार, तेवढ्यात मी म्हटलं, "बोनेटले हात नका लावू."

"अवो बाईसाहेब, पन पलग—"

"हात नका लावू म्हटलं नं!"

मी इतक्या जोरात ओरडले की शेतात कापूस वेचणाऱ्या बायका कंबर ताठ करून बघू लागल्या. मिस्त्री फुगून बांधावर जाऊन बसला आणि त्याने विडी पेटवली. मी त्याच्यासमोर सेल्फ मारून दाखवला. नाही. पुन्हा मारला. नाही. मग झाकण फिरवलं. आतून सूं करून हवा ओढली गेली, मिस्त्रीलाही ऐकू आली. झाकण लावलं, सेल्फ मारला, गाडी चालू.

झाकण पुन्हा काढून मी उजेडात धरलं. त्याच्या मधोमध हवेसाठी एक बारीक भोक असतं. ते दिसतच नव्हतं. त्यावर पिवळा, चिकट, रस्त्याची धूळ खाऊन घट्ट झालेला थर होता. नखाने खरवडला, वास घेतला. तूप आणि हळद. पोळ्याचा एकच थर असता तर कधीच उडून गेला असता. पण हा थरावर थर होता. मला लख्ख कळलं. गाडी अडली की दुसऱ्या दिवशी मडगार्ड पिवळं दिसायचं, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. माझ्यावर बोट न दाखवणारा घरातला एकटा माणूस गाडीचा खांदा दुखत असेल म्हणून पुन्हा पुन्हा तूप लावत होता, आणि जितकं लावत होता तितकी ती अडत होती.

बॅगेतली इंजेक्शनची सुई काढून मी भोक मोकळं केलं. आर्णीला गेलो, परत आलो, गाडी एकदाही खोकली नाही. कपाट मी जागचं हलवलं नाही.

संध्याकाळी अंगणात वकीलसाहेब वाटच बघत होते. "कपाट कुठं आहे?" मी झाकण त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस दोन शब्द बोलेल. ते खो-खो हसत सुटले. "म्हंजे बाबाचा पोळा भोवला आपल्याले!" मिस्त्रीने री ओढली, "मी तं म्हनलंच होतं साहेब, पेट्रोलच्या लायनीतच गडबड हाय." कधी म्हणाला होता? चोक, चोक, आणि चोक, याशिवाय त्याच्या तोंडून दुसरं काही निघालं नव्हतं. दोघे हसत होते, आणि माझ्यावर इतके दिवस जो आळ होता तो त्या हसण्यात कुठे विरघळून गेला, त्याची आठवणही कोणाला राहिली नाही. वर वकीलसाहेब म्हणाले, "ठीक आहे, जात जा आर्णीले. पन सोबत कोनी मानूस ठेव."

"कायले?" मी म्हटलं. "आज मानूस होता नं सोबत. बांधावर बसून विडी ओढत होता."

मामाजी ओसरीवरून उठून आले. काय झालं ते त्यांनी मलाच विचारलं. मी शक्य तेवढ्या हळू आवाजात सांगितलं. त्यांनी मुलाच्या हातातून झाकण घेतलं, सुईने मोकळं केलेल्या भोकावरून अंगठा फिरवला. मग टोपी काढली, काखेत धरली आणि माझ्यापुढे हात जोडले.

"चुकलं पोरी माह्यं. मले वाटे तिचा खांदा आला. तुले रस्त्यात मीच उभं केलं."

ज्या माणसाकडून मला काही नको होतं, तो हात जोडून उभा होता.

"बाबा, हे काय करून राह्यले?" वकीलसाहेबांचं हसू थांबलं. "सुनेपुढं कोनी हात जोडते का?"

"ज्याच्यापाशी चुकलं त्याच्यापाशीच जोडा लागतात," मामाजी म्हणाले. "तुह्ये हात कुठं हायेत?"

मिस्त्री चपला शोधू लागला. वकीलसाहेबांनी आत डोकावून विचारलं, चहा झाला का.

शुक्रवारी मी एकटीच आर्णीला गेले, आणि पुढे कित्येक वर्षं जात राहिले. मामाजी गेले. वकीलसाहेब आता थकलेत, कानाने कमी ऐकू येतं, पण घरी पाहुणे आले की ही गोष्ट खणखणीत आवाजात सांगतात. त्यांच्या गोष्टीत गाडी अडते ती माझ्या हाती, सगळे हात टेकतात, आणि मग ते स्वतः पुढे होऊन पेट्रोलचं झाकण उघडतात. पाहुणे वाहवा करतात. मी शेजारच्या खुर्चीतच बसलेली असते.

"झाकण मी उघडलं होतं," मी म्हणते. दर वेळी म्हणते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"हो, तेच ते," ते म्हणतात, आणि गोष्ट पुढे नेतात.