सरकीच्या पत्रकातलं वाक्य

आमच्या घरात पत्रकांना मान होता. बाबांना अक्षरओळख नव्हती. पण उमरखेडच्या बाजारात जी पत्रकं वाटली जात, ती घडी करून टोपीत घालून ते फुलसावंगीला आणायचे. विहिरींची, निवडणुकीची, देवीच्या लसीची. संध्याकाळी ओट्यावर मी वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. छापलेलं ते खरं, असा त्यांचा विश्वास.

चौदाव्या वर्षी मी त्या विश्वासाचा फायदा घेतला. सातवी झाली होती आणि बाबांच्या थोरल्या भावानं, आमच्या मोठेबाबांनी, माझी शाळा आता पुरे असं ठरवून टाकलं होतं. थोरल्या भावाचा शब्द बाबा मोडत नसत. त्या आठवड्याचं पत्रक कपाशीच्या सुधारित सरकीचं होतं. वाचता वाचता शेवटी मी स्वतःचं एक वाक्य घातलं: मुलींना मॅट्रिकपर्यंत शिकवावं, त्यात घराचं भलं आहे.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ते पत्रक पारावर नेलं आणि चारचौघांत भावाला सांगितलं, हे कागदात आहे. मोठेबाबांनी ते शिंप्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "सरकीच्या कागदात पोरीची शाळा पेरून राह्यला का रे?" सगळा पार हसला. बाबा घरी यायच्या आधीच शेजारणीनं मला हे सांगितलं. मी मार खायच्या तयारीनं बसले.

बाबांनी पत्रक समोर ठेवलं. "वाच. हाय तेवढंच."

मी वाचलं. सरकीवरच संपलं.

"मंग ते शेवटचं कोनाचं?"

"माहं."

त्यांनी पत्रकाची घडी घातली. "वाक्य चांगलं हाय. कागदामांगं कायले लपली? उद्या पारावर चाल, तुह्या तोंडानं सांग."

त्यांनी मारलं असतं, तर मी जन्मभर चोरूनच बोलले असते.

सकाळी मी बाबांबरोबर पारावर गेले. आधी खोटं कबूल केलं. मग म्हटलं, मला मॅट्रिकपर्यंत शिकायचं आहे. पोरीला फार तोंड फुटलं, असं मोठेबाबा म्हणाले. बाबांनी टोपी सारखी केली.

"काल कागदानं सांगतलं, तं तुमी हसले. आज माही पोरगी सांगून राह्यली. मी तिचं ऐकतो."

जूनमध्ये मी उमरखेडच्या शाळेत गेले. आता पत्रकं मीच लिहिते आणि प्रत्येकाखाली माझं नाव छापते. बाबांना ते अजून वाचता येत नाही. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ते एवढंच विचारतात, "हे तुहंच ना?"