दोनदा टाकलेला नांगर

आमच्या घरात 'नांगर' या एका शब्दावरून आयुष्यभर गोंधळ झालाय. तो आधी सांगते.

आमचे हे एकोणिसाव्या वर्षी अर्धी नांगरट तशीच ठेवून, बैल बांधावर सोडून मुंबईला पळाले आणि जहाजावर खलाशी झाले. मामंजी शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगायचे, "थोरला नांगर टाकून गेला." आमच्याकडे नांगर टाकला म्हणजे शेती सोडली, घर सोडलं. जहाजावर मात्र उलटं. तिथं नांगर टाकला म्हणजे जहाज थांबलं. कुठल्यातरी बंदरातून ह्यांचा फोन यायचा, "आज नांगर टाकलाय." मामंजी खाटेवरूनच म्हणायचे, "त्याला म्हणावं, ते आमाला म्हाईत हाय!"

माझं माहेर मार्गासनीचं, सासर भोरकडं, धरणाच्या पाण्याच्या काठाला. लग्न झाल्यावर पंधरा दिवसांत हे गेले, ते आठ महिन्यांनी आले. पुढं बत्तीस वर्षं हेच. म्हशी, भात, सासू-सासऱ्यांची आजारपणं, सगळं मी आणि जाऊबाईंनी काढलं. मी कधी जाऊ नका म्हटलं नाही. म्हणून उपयोग नव्हता, असं नाही; म्हणायचं सुचलंच नाही. सगळेच म्हणायचे, बाई कशी खमकी आहे. खमक्या बाईला रडता येत नाही, ही मोठी पंचाईत.

शेवटी ह्यांची कंबर गेली आणि हे कायमचे घरी आले. मी म्हटलं, चला, सुटले. सहा महिने सुखाचे गेले. मग एक दिवस हे महाडकडं म्हणून गेले आणि परत येताना घाटातून ट्रेलरवर एक शिडाची होडी घेऊन आले. जुनी, वापरलेली. सत्तावीस फूट लांब. डोलकाठी आडवी बांधलेली. फाट्यावर एसटी थांबवून लोक बघत होते. एकानं मला विचारलं, "काकू, मासे धरनार व्हय?" मी म्हटलं, "न्हाई, आमचं ध्यान त्यात बसवनार हाय."

होडी राहण्याची होती. एक परदेशी म्हातारं जोडपं त्यात वर्षानुवर्षं राहत होतं. बाई आजारी पडली, दोघं विमानानं मायदेशी गेली आणि होडी खाडीकाठी पडून राहिली. मी रागारागानंच आत उतरले. आत पुढं दोघांचा तिकोनी पलंग, खाली पाण्याची टाकी, पायानं दाबलं की नळाला पाणी. शेगडी पाळण्यासारखी टांगलेली, म्हणजे होडी कलली तरी दूध सांडायचं नाही. एकेक ताट उभं ठेवायला खाच. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली एक यादी होती, परकी भाषा, पण प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीची खूण. ती बाई माझ्यासारखीच असणार, पीठ-मीठ मोजून वापरणारी. संडास मात्र चुलीपासून दोन हातांवर. मी म्हटलं, "शी! ह्यात कोन राहनार?"

"आपण," हे म्हणाले. "पाऊसकाळभर हितं डागडुजी करू. दिवाळीनंतर परत समुद्रावर नेऊ. किनाऱ्या-किनाऱ्यानं केरळापर्यंत. तू पण चल."

"आन म्हशी?"

हे पाय दाबून नळाला पाणी येतंय का बघायला लागले. मला तेव्हाच कळलं, की हे परत जाणार. या वेळी नोकरी नव्हती, कुणी बोलावलं नव्हतं. स्वतःच्या हौसेनं जाणार. ते मला जास्त लागलं.

होडी वैशाखात आमच्या गाळपेरीच्या पट्ट्यात उभी केली. धरण उतरलं की काठाची जी जमीन उघडी पडते आणि जिच्यात आम्ही पेरतो, ती गाळपेर. दोन्ही अंगांनी लाकडाचे टेकू दिले. पाणी चढलं की होडी आपोआप तरंगेल, पाण्यात सोडायला क्रेन नको, असा हिशेब. फक्त होडीला नांगर नव्हता, तो कुणीतरी लांबवला होता. ह्यांनी नवा मागवला.

आषाढात पाणी सांगितल्यापेक्षा लवकर चढलं. भर दुपारी जाऊबाई आणि मी भाकरी खात होतो, तर ह्यांचा फोन. वाऱ्यानं अर्धं ऐकू येईना. "होडी सुटतीय! नांगर आण! लवकर! नांगर!" आणि फोन बंद.

मी गोठ्यात गेले. मामंजींचा लोखंडी नांगर भिंतीला टेकून उभा होता. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. बांबूला अडकवला, एक टोक माझ्या खांद्यावर, एक जाऊबाईंच्या, आणि चिखलातून निघालो. जाऊबाई वाटभर विचारत होत्या, "पान्यात नांगरट कुठं करत्यात गं?" मी म्हटलं, "त्या मानसाचं काय सांगावं!"

हे रबरी होडग्यातून काठाला आले, नांगर बघितला आणि कपाळाला हात लावला. "अगं बये, फाट्यावर टेम्पोनं नांगर येनार व्हता. होडीचा!"

"मग तसं म्हणायचं! नांगर म्हणालात, नांगर आणला."

भांडायला वेळ नव्हता. टेकू वाहून गेले होते, एकाच दोरावर होडी हेलकावत होती. हे नांगराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बस होडग्यात. एकट्याला न्हाई झेपायचा." मला पोहता येत नाही. तरी बसले. बैलांची साखळी जिथं अडकवतात, तिथं ह्यांनी जाड दोर बांधला आणि दोघांनी मिळून होडीवरून नांगर पाण्यात सोडला. वारा होडीला ओढत होता. होडी बैलासारखी ओढत गेली आणि फाळ रुतत गेला, आमच्याच गाळपेरीत. दोर ताठ झाला. होडी थांबली.

आत जाऊन मी त्या टांगत्या शेगडीवर चहा केला. थेंब सांडला नाही. आणि बत्तीस वर्षांत न बोललेलं बोलून गेले, "तुमी परत जानार. मला न्हाई आवडत. कदीच आवडलं न्हाई."

ह्यांनी चहा संपवला आणि वर जाऊन दोराची गाठ पुन्हा आवळली.

दोन दिवसांनी टेम्पोतून खरा नांगर आला. हे म्हणाले, आता हा धरलाय तर ऱ्हाऊ दे. नवा नांगर गोठ्यात पडला. जाऊबाईंनी त्याला रेडकू बांधलं.

दिवाळी झाली. होडी बाहेर काढून समुद्राकडं न्यायला क्रेन आणि ट्रेलर ठरला. मी ह्यांची स्वेटरं धुऊन ठेवली, चटण्या केल्या. सकाळी दोघं होडीवर गेलो, मामंजींचा नांगर काही वर येईना. दुपारपर्यंत ओढला. गाठही पाण्यानं फुगून दगड झाली होती. काठावर क्रेनवाला भोंगा वाजवत होता.

मी पिशवीतून विळा काढला आणि ह्यांच्या हातात दिला. म्हटलं, "कापा दोर. उन्हाळ्यात पानी उतरलं की म्या काढते नांगर. जावा तुमी."

खरंच मनापासून म्हटलं. आयुष्यभर तोंड बंद ठेवलं, आता उघडून त्यांना अडकवायचं नव्हतं.

ह्यांनी विळ्याची धार अंगठ्यानं बघितली. मग तो परत माझ्या पिशवीत ठेवला. "बापाचा नांगर हाय," म्हणाले. "एकदा टाकून गेलो. आता टाकलाय, तर ऱ्हातो."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. मी म्हटलं, "ऱ्हावा. पन उद्यापासनं म्हशीची धार तुमी काढायची."

काढतात. म्हैस अजून लाथ मारते.