मुक्ताईच्या दारातला पंचनामा

खरं सांगतो, मुक्ताईनगरच्या यात्रेत बंदोबस्ताला उभा होतो तेव्हा माझ्या मनात भक्ती नव्हती, चीड होती. माणसं हात जोडून रांगेत उभी, आणि मी फौजदाराच्या वर्दीत घामाने निथळतोय, नाक गळतंय, जांभयांवर जांभया. त्याआधी कधीतरी एका मिरवणुकीच्या रेटारेटीत माझी कंबर दुखावली होती, तेव्हा डॉक्टरने अफूच्या जातीच्या गोळ्या लिहून दिल्या. "घ्या हो साहेब, काही होत नाही." काही होत नाही म्हणे! कंबर बरी झाली, गोळ्या सुटेनात. पिंप्राळ्याच्या घरी बायको बोलेनाशी झाली. ज्यांना जन्मभर नशेडी म्हणून बडवलं, त्यांच्यातलाच मी एक झालो होतो, आणि हे सांगणार कोणाला? आईच्या सांगण्यावरून मुक्ताईला साकडंही घातलं. काय झालं? डोंबल!

त्या सकाळी माझ्याजवळच्या गोळ्या संपल्या होत्या. दुपारी हवालदाराने केळीच्या गाड्या भरणारा एक मजूर धरून आणला. त्याच्या पिशवीत पट्ट्या निघाल्या, मी घ्यायचो त्याच गोळ्यांच्या. नियम असा की जप्ती दोन पंचांसमोर करायची, पाकिटाला लाखेचं सील लावायचं. पण पोलीस पंच शोधायला लागले की गर्दी कशी पांगते, ते आम्हालाच ठाऊक. हवालदाराला पंच आणायला पिटाळलं, मजुराला गाडीत बसवलं आणि पट्ट्या घेऊन मी पाण्याच्या टाकीमागे गेलो. अजून मोजणी नाही, सील नाही. एक पट्टी कमी झाली तर कोण विचारणार होतं मला?

गोळी तळहातावर काढली, तोच मागून आवाज आला, "खाऊ नका ती, भाऊ. मना पोऱ्याना बी आसाच हात थरथर कापेत." धुळ्याकडची एक अक्का नळावर तांब्या भरत होती. माझं डोकंच सणकलं. ही कोण टिकोजीराव मला शिकवणारी? मी ओरडलो, "बाई, सरकारी कामात अडथळा आणताय, आत टाकीन!" ती जागची हलली नाही. "आत टाकी दे ना. पन पयले त्या गोया आठे दे." आणि तिने हात पुढे केला. त्या उघड्या हातापुढे माझी सगळी वर्दी फुकट गेली. गोळी, पट्ट्या, सगळं मी तिच्या हातावर ठेवलं आणि तिथेच ओल्या फरशीवर बसकण मारली.

तेवढ्यात हवालदार रिकाम्या हाताने परत आला, पंच मिळेना म्हणून कुरकुरत. अक्का म्हणाली, "मी व्हस पंच." सोबतच्या बाईलाही तिने ओढून आणलं. मुक्ताईच्या दारात पंचनामा झाला, फोडलेल्या पट्टीसकट सगळं मोजलं, सील लागलं. मग मी वरिष्ठांना फोन लावून स्वतःचं सगळं सांगून टाकलं. तो मजूरही गोळ्यांवाचून माझ्यासारखाच लटपटत होता; त्याच गाडीत तो आणि मी, दोघेही दवाखान्यात गेलो. अक्काही आली.

वाटेत ती म्हणाली, "मना पोऱ्याले पोलिसेसनी नशाबाज म्हनीसन मारं. दवाखानामा कोनीच लई गयं नही. मरी गया." धुळ्यात मी बरीच वर्षं नोकरी केली आहे. कोणतं ठाणं, केव्हा, असं विचारलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आते कसाले इचारस? चूप बस." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्या दिवशी मुक्ताई आली की नुसती एक बाई आली, यावर मी वाद घालत नाही. आज गोळीवाचून जगतोय, हे तिचं देणं. ठाण्यात कोणी लटपटणारा पोर आणला की आधी पाणी देतो आणि गाडी दवाखान्याकडे काढायला लावतो. शिपाई मागे हसतात, हसोत बापडे. राग मात्र गेलेला नाही. त्या डॉक्टरचा, आमच्या दांडक्याचा, सगळ्यांत जास्त माझा. दर्शनाला जातो तेव्हा आता काही मागत नाही. एवढंच म्हणतो, आई, त्या अक्काच्या लेकावर उठलेला हात माझाच असेल, तर तो आता तुझा. तुला हवं तसं कर.