पील आणि पॅरेंट क्लास

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग या विषयात मी एकदा नापास झाले होते, त्यामुळे त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं. जळगावला विद्यापीठात आले तेव्हा मला वाटलं होतं, कॉम्प्युटर म्हणजे बटणं दाबायची. इथे आधी क्लास, म्हणजे एक साचा, लिहा, मग त्याच्यावरून ऑब्जेक्ट बनवा, मग त्या ऑब्जेक्टला कामाला लावा. पुस्तकात उदाहरणं दोनच, मोटारगाडी आणि कुत्रा. आमच्याकडे मोटारगाडी नव्हती आणि कुत्रा कुणाचं ऐकायचा नाही.

पुन्हा नापास झाले असते तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार नव्हता. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते ओट्यावर बसून एवढंच म्हणाले होते, "या वख्ती निघाली तं पुढे शीक. नही तं घरी ये, आपली केळी आहेच." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मला घरी जायचं नव्हतं. आबांवर माझा जीव होता, पण सगळा जन्म केळीच्या बागेत काढायचा नाही, हे मी ठरवून बसले होते.

शिकवायला धुळ्याच्या मॅडम होत्या. फळ्यापाशी त्यांचं बोलणं पुस्तकी, पण लॅबमध्ये शेजारी येऊन बसल्या की अहिराणी सुटायची. इन्हेरिटन्स शिकवताना त्यांनी सांगितलं, पॅरेंट क्लासपासून चाइल्ड क्लास काढला की आईबापाकडचं सगळं त्याला आपोआप मिळतं. खाण तशी माती, एवढंच ना? हे सांगायला इंग्रजी कशाला हवं होतं? पहिल्यांदाच काहीतरी कळल्यासारखं वाटलं आणि मी जोरात कामाला लागले. 'केळ' नावाचा क्लास लिहिला, त्याच्यापासून 'पील' काढला आणि वरचा 'केळ' पुसून टाकला. स्क्रीनवर चुकांची रांग लागली.

मॅडम आल्या. "वरला क्लास काबर पुसी टाका?"

मी खरं ते सांगितलं. केळीच्या बुंध्याशी नवं रोप फुटतं, ते पील. मोठ्या झाडाचा घड कापला की त्याचं काम संपलं, पुढचं पीक पिलाचं. पिलाला सगळं मिळालंय, मग आई कशाला ठेवायची? मागच्या बाकावरची मुलं फिदीफिदी हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या कापसाच्या मुलखातल्या, केळी त्यांनी बाजारातच पाहिलेली. "बाकी बठ्ठं बरोबर शे तुन्हं," त्या म्हणाल्या, "तेवढा क्लास परत लिख." लिहिला, आणि प्रोग्रॅम चालला. का चालला ते मला कळलं नाही. वरचा क्लास पुसायचा नाही, एवढं मात्र मी पाठ करून टाकलं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी घरी गेले तर कापणी होऊन गेली होती. घड गेलेली खोडं बागेत तशीच उभी होती आणि त्यांच्या पायाशी हिरवीगार पिलं. घड कापला तरी खोड लगेच पाडत नाहीत. त्यातला ओलावा, त्यातला कस हळूहळू पिलात उतरतो, म्हणून पील जोर धरेपर्यंत ते ठेवतात. हे मी जन्मापासून पाहत आले होते. पिलाने सगळं आधीच घेऊन ठेवलेलं नसतं, ते अजून खोडाकडूनच घेत असतं. बांधावर उभी राहून मी स्वतःवरच चिडले, आणि मग मला हसू आलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे सर होते. त्यांनी माझा प्रोग्रॅम पाहिला आणि विचारलं, "चाइल्ड क्लास तयार झाला. आता पॅरेंट काढून टाकला तर?"

मागे उभ्या असलेल्या मॅडमनी मान खाली घातली. माझी पाठ केलेली इंग्रजी व्याख्या ऐन वेळी पळाली होती. मी सरळ मराठीत खोडाची गोष्ट सांगितली.

सरांनी पेन खाली ठेवलं. "मग खोड पाडता कधी?"

"पील आपल्या पायावर उभं राहिलं की. पण प्रोग्रॅममध्ये ती वेळ येत नाही, सर. चाइल्ड आहे तोवर पॅरेंट लागतोच."

निकाल लागला त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटजवळून मी आबांना फोन केला. "निघाली, आबा."

ते बागेत होते. मागे मोटरीचं पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "मंग आता तू काही इकडे येत नही."

"सुट्टीत येईन की."

"ये. आम्ही कुठी जातो? आहेच इथी."

फोन ठेवला आणि मला रडू कोसळलं. पास झाल्याचा आनंद होता, तो खोटा नव्हता. पण प्रोग्रॅममध्ये खोड पाडायची ती वेळ येत नाही, असं मी सरांना ठणकावून सांगून आले होते. बागेत ती येते.