मुखेड ते लंडन: मधले साडेचार तास कुणी खाल्ले?

लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या बायांसाठी हे लिहून राहिले. मी चौथी शिकलेली. चुका काढायच्या त्यानं खुशाल काढाव्यात.

माझी मंगल लंडनला असते. तिकीट काढून ठेवलं होतं, पण ती डॉक्टरच्या तारखेआधी आठ दिवस मोकळी झाली. पोरगी झाली. आता मी पोचणार तो नेमका पाचवीचा दिवस. पाचवीला दिवेलागणीला सटवाई पुजायची, कोरा कागद अन् पेन ठेवायचा. मग ती येऊन लेकराचं नशीब लिहिते. मंगलला यातलं काही येत न्हाई. मी चुकले तर लेकराचं कपाळ कोरं.

तिकिटावर हैदराबादहून सकाळी साडेसातला निघून दुपारी दीडला लंडन. म्हटलं, सहा तास! यष्टीनं लातूरला जाऊन माघारी येण्याएवढंच.

"साडेदहा तास लागतात, आई," माझा लेक दत्ता म्हणाला.

"मग मधले साडेचार कुणी खाल्ले?"

"तिथलं घड्याळ मागं असतं."

"मग दुरुस्त का करत न्हाईत?"

त्यानं कपाळाला हात लावला. मी सून शोभाला बजावलं, "दिवेलागणीपर्यंत माझा फोन न्हाई आला तर तू इथंच पूज."

मुखेडहून देगलूरमार्गे हैदराबाद गाठा, आदल्या दिवशीच. दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. विमानतळावरच्या एका चहाच्या पैशात आपल्याकडं अख्खी सोयरीक चहा पिऊन उठते. पुढं साडेसात हजार किलोमीटरच्या वर उडायचं.

शेजारी औशाच्या एक खाला होत्या, लेकाकडं निघालेल्या. कितीही उडालो तरी बाहेर दिवसच, सूर्य खुंटीला टांगल्यागत. मी विचारलं, "खाला, तुमची नमाज कुठल्या घड्याळाची?"

"घड्याळ कायकू? जहां उतरे, वहां का सूरज."

मला पटलं. सटवाईला पटंल का, ते कळंना.

उतरल्यावर पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या रांगेत लई वेळ गेला. फोन लागंना. जावयानं घरी नेलं. पाटा-वरवंटा न्हाई, म्हणून मिक्सरचं भांडं पुजायला मांडलं, कागद-पेन ठेवलं अन् खिडकीशी बसले. सात झाले, आठ झाले, बाहेर लख्ख ऊन!

"जावईबापू, तुमचा सूर्य बिघडलाय का?"

"उन्हाळ्यात साडेनऊला मावळतो, आई."

"आई, भूक लागली. लाव ना दिवा," मंगल कुरकुरली.

"ढळढळीत उन्हात कसली दिवेलागण? गप पड."

मावळला मेला एकदाचा. दिवा लावला, पुजलं, तेव्हा कुठं पाणी प्याले.

तीन महिन्यांनी घरी आले तर देव्हाऱ्यात एक कोरा कागद.

"तुमचा फोनच न्हाई आला, आत्याबाई. मी पुजली इथं," शोभा म्हणाली. म्हणजे इथं दिवा लागला तेव्हा मी तिथं रांगेत, डोक्यावर दुपार.

"एका लेकराची पाचवी दोनदा?"

"बरंच की! दोन नशिबं."

"अन् दोघांत भांडण लागलं तर?"

दत्तानं बोटांवर तास मोजले. इथल्या अन् तिथल्या दिव्यात सात तास निघाले. घड्याळ साडेचारनंच मागं, मग वरचे कुठले? तो म्हणाला, "जाऊ दे, आई."

तर बायांनो, फोन तिथं चालंल एवढं आधी करून घ्या. सूर्याचंही विचारून घ्या. बाकी मला अजून एवढंच कळंना: सटवाई इथलं लिहून उठली, तिथं तर दिवा न्हाई. मग मधल्या वेळात ती बसली कुठं? का माझ्याच शेजारी, खिडकीशी, मेला सूर्य कधी मावळतो ते बघत?