बोटीवरची कॉफी आणि गोरज मुहूर्त

माझ्या लग्नाच्या दिवशी मी बोटीने पळून गेलो होतो, असं रत्नागिरीतली चार जुनी माणसं अजूनही सांगतात. ते साफ खोटं आहे. मी फक्त कॉफी प्यायला थांबलो होतो.

कॉफीसाठी कुणी लग्न सोडून थांबतं का, असं तुम्ही विचाराल. तिसाच्या सुमाराची रत्नागिरी ज्यांनी पाहिली नाही, त्यांनीच हे विचारावं! तेव्हा आमच्या घरी सकाळी असायची पेज. चहा व्हायचा तो पाहुणा आला तर. आणि कॉफी? कॉफी म्हणजे औषध. कुणाला हिवताप भरला किंवा कुणी बाळंत झाली, की आई फडताळातला डबा काढायची आणि चिमूटभर कॉफीत भरपूर जायफळ घालून दुधात उकळायची. (त्या लोभाने मी शाळेत असताना एकदा तीन दिवस ताप आणला होता. मिळालं एरंडेल.)

त्यातून आमचे दाजीमामा! मामा मुंबईला एका पेढीवर कामाला. वर्षातून दोनदा बोटीने येणं-जाणं. एका खेपेला म्हणे त्यांना बोटीच्या वरच्या वर्गातली कॉफी मिळाली होती. तो एक कप मामांनी आम्हां सगळ्यांना दहा वर्षं पाजला, नुसत्या बोलण्यावर!

"अरे, बोटीवरची कॉफी ती! साहेब पितो ती. कप ओठाला लागायच्या आधी वासानेच माणूस तृप्त होतो. तुमच्या ह्या जायफळाच्या काढ्याला कॉफी म्हणायचं म्हणजे..." आणि पुढे न बोलता मामा नुसता हात झटकत. मग आई स्वयंपाकघरात भांडी आपटत असे.

माझं लग्न ठरलं वैशाखात. मुलगी लांज्याची. आमची निम्मी माणसं मुंबईहून बोटीने येणार, म्हणून माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, लग्न रत्नागिरीतच करायचं कबूल केलं. आमच्यापासून दोन आळ्या टाकून एक घर घेतलं, मांडव घातला. मुहूर्त गोरज, म्हणजे संध्याकाळी गुरं घरी येण्याच्या वेळेचा. तात्या भयंकर तापट. बैठकीतच त्यांनी सुनावून ठेवलं होतं, "मुहूर्त चुकला की मुलगी गाडीत घालून मी लांज्याला परत. मग पंगत बसलेली असो नाहीतर उठलेली!" आणि तात्या बोलतात तसं करतात, हे सांगायला पंचक्रोशीतला कुणीही तयार होता.

लग्नाच्या सकाळी मला हळद लागली. हळद लागलेल्या नवऱ्याने उंबरठा ओलांडायचा नाही, खाडी-समुद्र तर नाहीच नाही. पण त्याच सकाळच्या बोटीने गिरगावची ताईआत्या येणार होती आणि तिचं पत्र आधीच येऊन पडलं होतं : "मला उतरवून घ्यायला दत्तूच हवा. दत्तू नसेल तर मी उतरणार नाही. तशीच गोव्याला जाईन."

ही धमकी पोकळ नव्हती. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नसे. ती आपली भर पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि पडाव, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होड्या, तिच्या पोटाशी जाऊन माणसं उतरवून आणत. बोटीच्या शिडीवरून खालीवर होणाऱ्या पडावात पाय टाकायचा तो क्षण फार वाईट! आणि आत्या अंगाने भरभक्कम. मागच्या खेपेला एक खलाशी तिला "उडी टाका, आजी" म्हणाला, तर 'आजी' शब्दावरून ती अर्धा तास शिडीवर त्याच्याशी भांडत उभी होती. खाली पडाव, वर बोट, दोन्ही खोळंबलेले! शेवटी मीच तिला हात देऊन उतरवलं होतं.

बाबा म्हणाले, "हळदीच्या अंगाने हा घराबाहेर पडणार नाही."

आई म्हणाली, "आणि वन्सं गोव्याला गेल्या म्हणजे? जन्मभर मलाच ऐकावं लागेल!"

दाजीमामा म्हणाले, "मी जातो ना बरोबर. बोटीची मला सवय आहे. तासाभरात दत्तूला आणून पाटावर बसवतो."

बाबांनी पाठ फिरवली. आईने माझ्या पिवळ्या अंगावर शाल टाकली. असे आम्ही निघालो.

बोटीवर चढलो तर आत्या ट्रंकेवर बसलेली. आमच्या पडावात उतारूंची ही झुंबड! मामा म्हणाले, "ह्या पडावात नको, रेटारेटी आहे. पुढच्याने जाऊ." आणि मग माझ्या कानाशी येऊन, "तोवर एक कप होतो."

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात ना हळद होती, ना मुहूर्त, ना लांज्याची मुलगी. दहा वर्षं ऐकलेली कॉफी चार पावलांवर होती!

"आत्या, दोन मिनिटं बस हां. आलोच."

मामांनी मला थेट वरच्या वर्गात नेलं. गोव्याकडचा एक म्हातारा बटलर टेबलं पुसत होता. त्याने माझ्या पिवळ्या पायांकडे पाहिलं. कॉफी आली. मी डोळे मिटून घोट घेतला.

आता त्या कॉफीचं वर्णन कसं करू? रंग गढूळ. वास निम्मा इंजिनच्या तेलाचा आणि निम्मा कालच्या बांगड्याच्या कालवणाचा. पाणी टाकीतलं, मचूळ. कितीही साखर घातली तरी कडूच. तळाशी बोटभर गाळ. मी डोळे उघडले तेव्हा मामा कपात बघत होते. दहा वर्षांची अब्रू त्या कपात बुडत होती.

"ही नव्हे!" मामा गरजले. "बटलर! ही कसली आणलीस? साहेबाची कॉफी आण."

"साहेबाक पण हीच."

"साहेब हीच पितो?"

"साहेब पीत नाय. साहेब चाय पिता."

मामांचा चेहरा मला बघवेना. पण माघार घेतील तर ते दाजीमामा कसले! कोट काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि "तुम्हांला करता येत नाही, सरका!" म्हणत ते सरळ बोटीच्या भटारखान्यात घुसले. मागोमाग बटलर ओरडत गेला. त्याच्यामागे आचारी. आतून भांड्यांचे आवाज आणि तीन भाषांमधली शिवीगाळ ऐकू येऊ लागली. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला.

"मामा, भोंगा!"

"पहिला आहे तो! तीन होतात. मी बोटीचा माणूस आहे, मला शिकवू नकोस!" मामा आतून ओरडले.

मामांचं गणित बरोबर होतं. भोंगे तीनच होतात. फक्त पहिले दोन झाले तेव्हा ते स्वतःच भोंग्यापेक्षा मोठ्याने ओरडत होते! टेबलावरचा माझा कप थरथरायला लागला. मी गोल खिडकीतून बाहेर बघितलं.

"मामा, किल्ला चाललाय!"

"चालू दे!"

"मामा, रत्नदुर्ग मागे चाललाय हो!"

मी कप हातात घेऊनच बाहेर धावलो. खाली, शेवटच्या पडावात, ताईआत्या ट्रंकेवर विराजमान! आमची वाट बघून बघून ती खलाशाचा हात धरून अगदी सुखरूप उतरली होती. (खलाशी तिला 'ताई' म्हणाला, एवढंच पुरलं.) मी अंगावरची शाल काढून जिवाच्या आकांताने हलवली. आत्यानेही हात हलवला. अंतर वाढत गेलं. मागून मामा आले, हातात वाफाळता कप.

"घे. आता जमली आहे. जरा कमी आहे काहीतरी..." त्यांनी घोट घेतला, समुद्राकडे बघितलं आणि पडेल आवाजात म्हणाले, "जायफळ नाही रे ह्यांच्याकडे."

बोट मागे फिरवायला कुणी तयार होईना. आम्हांला उतरवलं ते पुढच्या बंदरात, पूर्णगडला. ऊन डोक्यावर आलेलं, आणि रत्नागिरी सात-आठ कोस! किनाऱ्यावर एक म्हातारी मासे सुकत घालत होती. तिने मला खालपासून वर न्याहाळलं.

"अगो बाय! नवरा काय रे तू?"

"हो."

"नि नवरी खय तुझी?"

"रत्नागिरीला."

"मग तू हय काय करतस?"

काय सांगणार? म्हटलं, "कॉफी प्यायला थांबलो होतो." म्हातारी हसत सुटली. हसता हसता आत गेली आणि दोघांना वाडगाभर पेज नि भाजलेला सुका बांगडा घेऊन आली. त्या पेजेची चव मला अजून आठवते. तिचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग कातळ तुडवत निघालो. वैशाखातला कातळ! पावस गावाच्या अलीकडे मामांच्या वहाणेचा अंगठा तुटला. पुढे मामाच तुटले. दोन वेळा ते "दत्तू, तू हो पुढे, मी इथेच देह ठेवतो" म्हणून आंब्याखाली आडवे झाले आणि दोन्ही वेळा आईचं नाव काढताच उठून चालू लागले. भाट्याच्या खाडीवर पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. पलीकडे रत्नागिरी दिसत होती. मधे ओहोटी! तरीवाला आपली तर, म्हणजे उतारूंची मोठी होडी, चिखलात टेकवून विडी ओढत बसला होता.

"भरती लागल्याबिगर तर सुटायची नाय."

"अहो, लग्न आहे!" मामा रडकुंडीला आले.

"कुनाचा? तुमचा?"

"ह्याचं!"

त्याने माझ्याकडे बघितलं, विडी टाकली. "मग असा बसून काय व्हनार? चिखलातून चला, मधल्या पान्यात होडी आनतो."

गुडघाभर चिखल तुडवून, होडीत बसून, पुन्हा चिखल तुडवून मी रत्नागिरीत शिरलो तेव्हा सूर्य बुडून गेला होता. गुरं केव्हाच गोठ्यात गेली होती. वाटेत भेटलेला प्रत्येक जण थांबून बघत होता. कारण इकडे काय झालं होतं, तर आत्याने घरात पाऊल टाकताच जाहीर केलं होतं, "दत्तू गेला गो! गोव्याच्या बोटीने गेला. मला शाल हलवून निरोप दिलान्!"

मांडवाच्या दारात तात्यांच्या गाड्या जुंपलेल्या. बाबा खांबाला टेकून उभे. आईचे डोळे सुजलेले. तात्या ओसरीवर येरझाऱ्या घालत होते आणि नवरी आत गौरीहरापाशी बसलेली, त्या खोलीच्या दाराशी आमचे गुरुजी घंगाळात टक लावून बसले होते. त्या काळी मुहूर्त घड्याळावर नसे, घटकापात्रावर असे. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. शेवटची वाटी बुडाली, की मुहूर्त लागला.

"गुरुजी, अंधार पडला!" तात्या ओरडले. "मुहूर्त गेला! चला, मुलीला बाहेर आणा."

"अंधाराचं मला सांगू नका," गुरुजी मान वर न करता म्हणाले. "पात्र बुडलेलं नाही. पात्र बुडल्याशिवाय मुहूर्त लागत नाही. आणि लागलाच नाही, तो जाईल कसा?"

तात्या शब्दाचे पक्के. मुहूर्त चुकला तर नेईन म्हणाले होते. तो चुकलेला नव्हता. तेवढ्यात मी शिरलो. कमरेपर्यंत चिखल, वर हळद. बाबा पुढे आले. वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाले, "उभा राहा." बाबांनी माझं तोंड पुसल्याची माझ्या आयुष्यातली ही एकच आठवण.

गुरुजींनी पात्राला बोट लावलं. ते टुबकन बुडालं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, मी नवरा झालो. मागाहून पात्र पुसताना गुरुजींना भोकात अडकलेला कुंकवाचा एक तांदूळ सापडला. "गौरीहराची कृपा!" ते म्हणाले आणि तात्यांनीसुद्धा हात जोडले.

आता त्यातलं आम्हां दोघांशिवाय कोणी राहिलं नाही. बोटी बंद झाल्या, पडाव गेले, मामा गेले. शेवटपर्यंत त्यांनी बोटीवरच्या कॉफीचं नाव काढलं नाही. परवा ही गोष्ट नातवंडांना सांगत होतो. 'गौरीहराची कृपा'पाशी आलो तर आमची ही आतून म्हणाली, "कृपा कसली? गुरुजी तपकिरीला उठले, तेव्हा मीच लावला होता तो तांदूळ."

साठ वर्षांनी! मला भरूनच आलं. म्हटलं, "अगं, सगळं गाव म्हणत होतं नवरा पळाला. तुला एकटीलाच कसा एवढा विश्वास?"

"विश्वास कसला? बघायला आलात तेव्हा मी चहात साखर घालायला विसरले होते. 'छान झालाय' म्हणून दोन कप प्यायलात. नको म्हणायची ज्याला हिंमत नाही, तो पळून काय जाणार?"

नातवंडं हसली. बोलता बोलता तिने माझ्यापुढे चहाचा आणखी एक कप आणून ठेवला होता. मला नको होता. छान झालाय म्हटलं आणि प्यायलो.